चौथ्या वर्षी लिहिणारी मुले

शाळाप्रवेशाचे दिवस आले की आमच्या इमारतीच्या जिन्यात एक संभाषण दरवर्षी ऐकू येते. माणसे बदलतात, संभाषण तेच असते. यंदा ते दुसऱ्या मजल्यावरच्या एका तरुण दांपत्याचे होते. त्यांची कन्या नुकतीच तीन वर्षांची झाली. तिच्यासाठी त्यांनी चार बालवाड्या पाहिल्या आणि वडिलांनी एका वहीत रकाने आखून त्यांची तुलना मांडली. एकीचे अंगण मोठे, वाळू आहे, झोपाळे आहेत. पण पुढे शेरा असा की ‘नुसते खेळवतात’. दुसरीत चार वर्षांची मुले शंभरापर्यंत आकडे लिहितात. तिसरीत घरचा अभ्यास देतात. चौथीच्या पाटीवर माँटेसोरीचे नाव आहे. फी, अंतर, स्वच्छता हे रकाने झाल्यावर शेवटचा आणि सर्वांत रुंद रकाना होता: ‘लिहायला केव्हा शिकवतात?’

ती वही त्यांनी माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, “काका, तुम्ही जन्मभर शाळेत काढलात. खेळवणारी शाळा आम्हालाही आवडते हो. पण पुढे पहिलीत हिच्या शेजारी बसणारी मुले लिहीत-वाचत आलेली असतील, तर हिने काय करायचे?”

त्यांची आई आतून म्हणाली, “आमच्या वेळी सातव्या वर्षी श्रीगणेशा केला, आमचे काय अडले?” पण तो वाद आतच राहिला.

या प्रश्नाला हसण्याची आपल्याकडील शिक्षणतज्ज्ञांना सवय आहे. मला ती योग्य वाटत नाही. हा प्रश्न आजच्या हौशी पालकांनी काढलेला नव्हे. तो शंभराहून अधिक वर्षांपूर्वी, याच शब्दांत म्हटले तरी चालेल, रोम शहरातील काही निरक्षर स्त्रियांनी विचारला होता. आणि ज्या विदुषीच्या नावाची पाटी त्या चौथ्या बालवाडीवर आहे, तिलाच विचारला होता. तिने दिलेले उत्तर, आणि त्या उत्तराचे जगाने काय केले, ही हकीकत आज सांगावयाची आहे.

मारिया माँटेसोरी यांचा जन्म 1870 सालचा. स्त्रियांनी वैद्यक शिकणे इटलीत दुर्मीळ होते त्या काळात, 1896 साली, त्या रोमच्या विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. आरंभी त्यांचे काम मतिमंद समजल्या जाणाऱ्या मुलांत होते. त्यांपैकी काही मुले त्यांच्या हाताखाली लिहावाचावयास शिकली आणि सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत त्यांच्या बरोबरीने उतरली. लोकांनी बाईंचे कौतुक केले. बाईंना मात्र वेगळीच चिंता लागली: जी मुले धडधाकट आहेत, त्यांना त्यांच्या शाळा असे काय करतात की ती या दुर्दैवी मुलांच्याच पायरीवर राहावीत? त्यांचे पुढील सारे कार्य या एका शंकेतून उगवले आहे.

रोमच्या सान लोरेंझो या भागात त्या काळी अतिशय दारिद्र्य होते. अर्धवट बांधून सोडलेल्या इमारतींत गोरगरीब दाटीवाटीने राहत. एका बांधकाम कंपनीने त्या इमारती दुरुस्त करून मजूर कुटुंबांना भाड्याने दिल्या. तेव्हा एक अडचण उभी राहिली. आईबाप दिवसभर कामावर, थोरली भावंडे शाळेत, आणि तीन ते सहा-सात वर्षांची पोरे जिन्यांतून मोकाट. नव्याने रंगवलेल्या भिंती ती रेघोट्यांनी भरून टाकीत. दुरुस्तीवर पैसा घालवण्यापेक्षा या मुलांना एका खोलीत सांभाळावे, ते स्वस्त पडेल, असा व्यवहारी हिशेब कंपनीचे संचालक एदोआर्दो तालामो यांनी केला. बालशिक्षणाच्या इतिहासातील सर्वांत गाजलेली शाळा अशी भिंतींच्या चुन्यासाठी निघाली. 6 जानेवारी 1907 रोजी पन्नास-साठ मुलांचे ते ‘बालगृह’ उघडले आणि त्याची देखरेख माँटेसोरीबाईंकडे आली.

या गृहाचे नियम मोठे वाचण्यासारखे होते. फी नव्हती. पण मूल स्वच्छ अंगाने आणि स्वच्छ कपड्यांत आले पाहिजे, आणि आईने आठवड्यातून निदान एकदा येऊन बाईंशी आपल्या मुलाविषयी बोलले पाहिजे, ही अट होती. आमच्या मित्राच्या वहीत हा रकाना नव्हता, हे जाता जाता सांगतो.

आत चाले ते काम पाहून आलेला पाहुणा बुचकळ्यात पडे. मुले हात धूत, टेबले पुसत, चौकटीवर ताणलेल्या कापडाची बटणे लावीत आणि काढीत. एका ठोकळ्यात लहानमोठी भोके, त्यांत बसणाऱ्या लाकडी दट्ट्या. प्रत्येकीला वर बारीक मूठ, ती तीन बोटांनीच धरता यावी. मूल दट्ट्या काढी, मिसळी, पुन्हा जागच्या जागी बसवी. धातूच्या साच्यांभोवती पेन्सिल फिरवून आकृती काढायची आणि ती रंगीत रेघांनी भरायची. यात कोठेही अक्षर नव्हते. किंबहुना अक्षर नसावे असाच बाईंचा त्या वेळचा ग्रह होता. सहाव्या वर्षाच्या आत लेखनवाचनाला हात घालू नये, या मताच्या त्या होत्या.

आणि मग त्या स्त्रिया आल्या. दोघी-तिघी आयांचे ते शिष्टमंडळ. त्यांना स्वतःला लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांचे म्हणणे असे की, मुले येथे इतके सहज शिकतात, तर त्यांना अक्षरेही शिकवा. म्हणजे पुढे मोठ्या शाळेत त्यांचे कष्ट वाचतील. श्रोतेहो, ही मागणी आणि आमच्या जिन्यातील मागणी यांत एका शब्दाचा फरक काढून दाखवा! पुढच्या शाळेचे भय दोन्हींत आहे. परंतु ज्या बाईने आयुष्यभर दुसऱ्याकडून पत्र वाचून घेतले, तिला आपल्या मुलाच्या हाती अक्षर यावे असे वाटले तर त्याला उतावीळपणा म्हणण्याचे धाडस मला होत नाही.

माँटेसोरी प्रथम नाही म्हणाल्या. नंतर त्यांनी मन वळवून घेतले. मुलेही विचारू लागली होतीच. मतिमंद मुलांच्या शाळेत त्यांनी लाकडाची सुंदर अक्षरे वापरली होती, पण तशी पुन्हा परवडेल अशा किमतीत करून देणारा कारागीर मिळेना. तेव्हा कागदाची अक्षरे कापली. आणि पुढे खरकागदाची, म्हणजे सुतार लाकूड घासण्यास वापरतात त्या कागदाची, अक्षरे पुठ्ठ्यावर चिकटवली. मुलाने दोन बोटे त्या अक्षरावरून लिहिण्याच्या दिशेने फिरवायची आणि अक्षराचा आवाज ऐकायचा. बस्स, एवढेच. कागदावर गिरवणे नाही, पानेच्या पाने भरणे नाही. पुढे सुट्या अक्षरांच्या पेट्या आल्या. मुले ऐकलेला शब्द आवाजाआवाजाने फोडून अक्षरे शेजारी शेजारी मांडू लागली. हातात पेन्सिल धरून शब्द मात्र अद्याप कोणी लिहिला नव्हता.

पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः नोंदवून ठेवला आहे. त्याच वर्षीचा डिसेंबर. वसंतासारखे ऊन पडले होते, म्हणून बाई मुलांना घेऊन गच्चीवर गेल्या. एका धुराड्यापाशी त्या बसल्या होत्या. शेजारी पाच वर्षांचा एक मुलगा. त्याच्या हाती खडू देऊन त्यांनी त्याला धुराड्याचे चित्र काढावयास सांगितले. त्याने फरशीवर ते काढले. बाईंनी शाबासकी दिली. मुलगा हसला, क्षणभर थबकला, आणि मला लिहिता येते, मला लिहिता येते, असे ओरडून गुडघ्यांवर बसला. त्याने लिहिले: ‘हात’. मग लिहिले ‘धुराडे’. मग ‘छप्पर’. अर्थात् त्याच्या इटालियन भाषेत. त्याचे ओरडणे ऐकून इतर मुले धावली आणि आम्हालाही खडू द्या म्हणू लागली. आणि त्यांतील काहींनी त्याच जागी आपला जन्मातील पहिला शब्द लिहिला.

त्यानंतर काही दिवस त्या इमारतीत कोठलीच सपाट जागा सुरक्षित राहिली नाही. जमीन, दारे, भिंती, सर्वांवर शब्द उमटले. सामान वाचवण्यासाठी आयांनी घरी कागद-पेन्सिली आणून दिल्या. पावाच्या कडक सालीवरदेखील एकाने लिहिल्याची नोंद आहे. नाताळात चार वर्षांच्या दोन मुलांनी तालामो यांना शुभेच्छांचे आणि आभाराचे पत्र लिहिले. ते पाहणाऱ्यांना खरे वाटेना. नेहमीच्या शाळांतून पहिल्या वर्गातील सहा वर्षांची मुले त्या वेळी आडव्या-उभ्या रेघा आणि आकडे गिरवण्यातच गुंतलेली होती.

येथे थोडे थांबावयास हवे, कारण सारी गफलत येथे आहे.

बाईंनी या घटनेला ‘स्फोट’ असा शब्द वापरला. स्फोट हा शब्दच असा की तो कानी पडल्यावर मागची वात कोणी पाहत नाही. त्यांच्या दृष्टीने महत्त्वाचे होते ते मागचे महिने: दट्ट्या धरून तयार झालेली तीन बोटे, साच्यांभोवती फिरून स्थिर झालेला हात, खरकागदावरून फिरून अक्षराची वळणे ओळखणारी बोटे, आवाज वेगळे काढणारा कान. या चार गोष्टी निरनिराळ्या वेळी, निरनिराळ्या खेळांतून, मुलाच्या स्वतःच्या खुशीने तयार झाल्या आणि एके दिवशी एकत्र आल्या. मूल लिहावयास शिकले तेव्हा कोणी त्याला लिहावयास शिकवीत नव्हते. पण हे सारे दाखवण्याजोगे नव्हते. दाखवण्याजोगे होते ते पत्र. पाहुणे आले ते पत्र पाहावयास, आणि घरी परतले ते एकच वाक्य घेऊन: रोममध्ये चार वर्षांची मुले लिहितात.

हे वाक्य अमेरिकेस पोहोचावयास फार दिवस लागले नाहीत. 1911 साली तेथील मॅक्ल्युअर्स या लोकप्रिय मासिकात माँटेसोरींच्या कार्यावर लेख आला आणि संपादकांकडे पालकांच्या पत्रांचा पूर लोटला. 1912 मध्ये त्यांच्या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर निघाले, तेही भराभर खपले. 1915 साली सान फ्रान्सिस्कोच्या प्रदर्शनात काचेच्या भिंतींचा वर्गच मांडला गेला. आत मुले काम करीत आणि बाहेर लोक गर्दी करून पाहत. अक्षरांची घाई करू नये असे मानणाऱ्या बाईंचे नाव, अक्षरे लवकर येण्याचा हमखास उपाय म्हणून लोकांच्या तोंडी बसले, ते आजतागायत.

एक गोष्ट आणखी, जी आपल्याकडे क्वचितच बोलली जाते. इटालियन भाषेत बहुतांशी उच्चाराप्रमाणे लेखन होते. आवाज ओळखता आला की अक्षर हाती आले. मराठीचेही पुष्कळसे तसेच आहे. जोडाक्षरे आणि ऱ्हस्वदीर्घ सोडले तर ‘कमळ’ ऐकलेले मूल ‘कमळ’ मांडू शकते. इंग्रजीचा मामला निराळा. तेथे ऐकलेला आवाज आणि लिहिलेले अक्षर यांचा संबंध अनेकदा तुटलेला असतो. सान लोरेंझोचा दाखला देऊन मुंबई-पुण्यातील तीन-चार वर्षांच्या मराठी मुलाकडून, जी भाषा त्याने घरी ऐकलीही नाही त्या भाषेचे शब्द लिहून घेणे, हा रोमच्या प्रयोगाचा विस्तार नव्हे. तो अगदी वेगळा प्रकार आहे.

बालशाळा खेळासाठी निघावी आणि थोड्याच वर्षांत तिने धड्यांचा वेष घ्यावा, हे माँटेसोरींच्या वाट्यालाच प्रथम आले असे मात्र नव्हे. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या गिरणीच्या गावात रॉबर्ट ओवेन यांनी 1 जानेवारी 1816 रोजी जी संस्था उघडली, तीत चालू लागलेल्या मुलापासून पुढच्यांसाठी एक वर्ग होता. जेम्स ब्यूकॅनन नावाचा विणकर आणि मॉली यंग नावाची सतरा वर्षांची गिरणीकामगार मुलगी त्याचे शिक्षक. त्यांना ओवेनची आज्ञा अशी की, मारायचे नाही, दरडावायचे नाही आणि पुस्तकांनी मुलांना त्रास द्यायचा नाही. हीच कल्पना 1820 साली लंडनमध्ये सॅम्युएल वाइल्डरस्पिन यांच्या हाती गेली. माणूस मुलांवर प्रेम करणारा, अंगणाचे महत्त्व ओळखणारा. पण त्याने पायऱ्यापायऱ्यांच्या बाकांवर शेकडो बालके बसवली आणि गावोगाव त्यांचे ज्ञान श्रोत्यांपुढे सादर करून नव्या शाळांसाठी अनुकूलता मिळवली. ज्याला लोकांपुढे काही सादर करायचे आहे, त्याला वाळूत खेळणारे मूल सादर करून भागत नाही.

तोच प्रकार अमेरिकेतील शिशुशाळांचा. तेथे 1832 साली अमरायाह ब्रिगम या डॉक्टरने एक पुस्तक लिहून पालकांना बजावले की, कोवळ्या मेंदूवर लवकर ताण घातल्याने प्रकृतीची हानी होते. त्याचे शरीरशास्त्र आज टिकणारे नाही. परंतु त्याचा परिणाम विलक्षण झाला. जे सुशिक्षित आईबाप तीन वर्षांच्या मुलाला वाचावयास शिकवण्यात भूषण मानीत होते, तेच घाबरून मागे फिरले आणि पुढील काही वर्षांत त्या शाळा ओसरल्या. पालकांची भीती जशी मुलाला लवकर पाटीवर बसवते, तशीच ती त्याला उठवतेही, एवढे यावरून दिसते.

‘किंडरगार्टन’ हा शब्द फ्रीड्रिख फ्रोबेल यांचा. बापाला पाद्रीपणाच्या कामातून सवड नाही आणि आई तान्हेपणीच गेलेली, असे एकाकी बालपण काढलेला हा जर्मन मनुष्य. 1837 साली त्याने ब्लांकेनबुर्ग येथे लहान मुलांसाठी संस्था काढली आणि 1840 मध्ये तिला ‘मुलांची बाग’ हे नाव दिले. लोकरीचे सहा रंगीत चेंडू, लाकडी गोल, घन आणि नळकांडे, मग आठ लहान घनांत फोडता येणारा एक घन, अशा त्याच्या ‘देणग्या’. गंमत अशी की प्रशियाच्या सरकारने 1851 साली या बागांवर बंदी घातली. कारण काय, तर त्या नास्तिक आणि समाजवादी आहेत म्हणून. आणि त्यातही मंत्रिमहाशयांनी फ्रोबेलच्या पुतण्याचे लिखाण त्याच्या नावावर घातले होते. पुढच्याच वर्षी, 1852 मध्ये, फ्रोबेल वारला. बंदी उठली 1860 मध्ये. परंतु बंदीने जे झाले नाही ते भक्तांनी केले. देणग्यांचे धडे बनले. बाई आज्ञा देणार, चाळीस मुले एकदम घन उचलणार, एकदम ठेवणार. इंग्लंडमध्ये 1905 साली काही स्त्री शाळातपासनिसांनी पाच वर्षांखालील मुलांच्या वर्गांविषयी अहवाल दिला. त्यात त्यांनी या कवायतीवर टीका केली, आणि तिसऱ्या वर्षी शाळेत बसवलेले मूल पाचव्या वर्षी आलेल्या मुलाच्या बुद्धीने पुढे असते असे आढळत नाही, असेही नमूद केले. हा अहवाल निघाला तेव्हा सान लोरेंझोचे बालगृह उघडावयास अजून दोन वर्षे होती.

आता आपल्याकडे वळू. काठेवाडात वकिली करणारे गिजुभाई बधेका यांना 1913 साली मुलगा झाला. त्याला कसे वाढवावे या घरगुती चिंतेपोटी ते वाचू लागले, आणि वाचता वाचता माँटेसोरींचा ग्रंथ हाती आला. वकिली सुटली. 1920 मध्ये भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत त्यांनी बालमंदिर उघडले. मिशा असलेली आई, अशा अर्थाचे गुजराती टोपणनाव त्यांना लोकांनी प्रेमाने दिले. 1923 साली राजकोटच्या स्त्रीशिक्षकांच्या महाविद्यालयाचे प्राचार्यपद सोडून एक मराठी विदुषी त्यांना येऊन मिळाली: ताराबाई मोडक. 1926 मध्ये दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापला. रोमची साधने त्यांनी घेतली, पण त्यांत गोष्टी, लोकगीते, मातीकाम, नाच यांची भर घातली. मूळ पद्धतीच्या कट्टर अनुयायांना हे रुचण्यासारखे नव्हते. गिजुभाईंनी पालकांसाठीही पुष्कळ लिहिले. त्यांच्या एका पुस्तकाच्या नावाचा अर्थच मुळी ‘आईबाप होणे कठीण आहे’ असा आहे. 1939 च्या जूनमध्ये ते वारले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस स्वतः माँटेसोरी मद्रासला उतरल्या. ज्यांच्या ग्रंथाने त्यांचे आयुष्य पालटले, त्यांची भेट काही महिन्यांनी हुकली.

माँटेसोरींच्या भारतातील मुक्कामाचा एक धागा महाराष्ट्रात गुंतलेला आहे. जून 1940 मध्ये इटली महायुद्धात उतरताच हिंदुस्थानातील इटालियन लोक शत्रुराष्ट्राचे ठरले. बाईंसोबत आलेल्या मारियो यांना अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. 31 ऑगस्ट रोजी बाईंचा सत्तरावा वाढदिवस होता. त्या दिवशी व्हाइसरॉयची तार आली की, वाढदिवसाची भेट म्हणून आपला मुलगा आपणास परत देत आहोत. या तारेतील ‘मुलगा’ या शब्दाला अर्थ होता. मारियो हे त्यांचेच पुत्र. परंतु विवाहाबाहेर जन्मल्यामुळे त्यांना खेड्यातील एका कुटुंबात वाढवावे लागले होते आणि जगापुढे ते पुतणे अथवा मानसपुत्र म्हणून वावरत. जगातील मुलांच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाचा एवढा बारीक अभ्यास करणाऱ्या या स्त्रीला स्वतःच्या मुलाचे तिसरे-चौथे वर्ष घरात राहून पाहता आले नव्हते. पालकांविषयी त्यांचे शब्द कधी कधी फार कठोर वाटतात, तेव्हा मला याची आठवण होते.

ताराबाई 1936 साली मुंबईस आल्या आणि दादरला त्यांनी शिशुविहार सुरू केला. दादरचा पालक म्हणजे शिकलेला, नोकरदार, मुलाच्या पुढच्या शाळेचा विचार आधीच करून ठेवणारा. आमच्या दुसऱ्या मजल्यावरील मित्राचा आजोबाच म्हणा ना. तेथे बालशिक्षण रुजले, फोफावले. परंतु ताराबाईंना ते एवढ्यावर पुरेसे वाटेना. 1945 मध्ये, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, त्या ठाणे जिल्ह्यातील, म्हणजे आताच्या पालघर जिल्ह्यातील, बोर्डी गावी गेल्या आणि ग्राम बालशिक्षा केंद्र उघडले. मदतीस अनुताई वाघ आल्या. विदेशी साधने तेथे परवडणारी नव्हती. त्यांची जागा बिया, शिंपले, खडे, पाने, माती यांनी घेतली. मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाच्या अंगणात जावे, हा विचार याच भूमीत वाढला. 1957 साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेल्यावर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छपराखाली आणणारी विकासवाडी झाली, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा झाली.

मला या दोन ठिकाणांची तुलना फार उद्बोधक वाटते. आदिवासी पाड्यावरच्या आईबापांपुढे प्रश्न होता तो मूल शाळेत गेले तर धाकट्याला कोण सांभाळील आणि गुरांमागे कोण जाईल, हा. लिहायला केव्हा शिकवता, हे विचारण्याइतकी चैन त्यांना नव्हती. ताराबाई 1973 साली गेल्या, अनुताई 1992 साली. मातीच्या आणि बियांच्या साधनांची ती बालवाडी गरिबांसाठीची तडजोड म्हणून सुरू झाली होती. शहरातील सुखवस्तू मुलांना मात्र त्या काळात वह्या मिळत गेल्या. यांत नशीबवान कोण, याचा निकाल मी देत नाही.

पुढची हकीकत आपणा सर्वांच्या डोळ्यांसमोरची आहे. लेखक आर. के. नारायण यांनी 1989 साली राज्यसभेत मुलांच्या पाठीवरील दप्तरांचे गाऱ्हाणे मांडले. त्यानंतर प्रोफेसर यश पाल यांच्या समितीने 1993 मध्ये दिलेल्या अहवालात लहानग्यांवर लेखन-वाचन-अंकगणिताचा भडिमार करणे ही एक प्रकारची हिंसाच मानली, आणि शिशुवर्गाच्या प्रवेशासाठी चाचण्या आणि मुलाखती घेणे बंद करावे असे सुचवले. महाराष्ट्राने 1996 सालचा पूर्वप्राथमिक प्रवेशाचा कायदा केला. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रवेशासाठी मुलाची वा पालकांची छाननी करणे दंडनीय ठरवले. 2020 च्या राष्ट्रीय धोरणाने तीन ते आठ ही वर्षे एकाच पायाभूत टप्प्यात घातली आणि खेळ हे त्या टप्प्याचे मुख्य साधन मानले. कायदे चांगले आहेत. पण दारावरची मुलाखत बंद झाली तरी दारापलीकडची वही उघडीच राहिली, आणि घरातील तो रुंद रकाना तर कोणत्याच कायद्याच्या कक्षेत येत नाही.

आमच्या मित्राला मी एवढे सगळे सांगितले नाही. जिन्यात कोण ऐकणार? न्यूझीलंडमधील एका अभ्यासाची गोष्ट तेवढी सांगितली. 2013 साली ती प्रसिद्ध झाली. पाचव्या वर्षी वाचन शिकू लागलेली मुले आणि सातव्या वर्षी शिकू लागलेली मुले यांची तुलना सेबॅस्टियन सुगेट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. अकराव्या वर्षाच्या सुमारास दोघांच्या वाचनाच्या सफाईत फरक उरला नव्हता. समजून वाचण्यात तर उशिरा आलेली मुले किंचित सरस दिसली. मित्र म्हणाले, “अकराव्या वर्षी ठीक आहे हो. पण मधल्या वर्षांत शाळा तिला ढ म्हणेल, त्याचे काय?” मी गप्प बसलो. प्रश्न बरोबर होता. आणि त्याचे उत्तर बालवाडीने नव्हे, पहिलीच्या वर्गाने द्यावयाचे आहे. सान लोरेंझोच्या आयांनाही भय बालगृहाचे नव्हते, पुढच्या शाळेचेच होते.

मग मी त्यांना दुसरा एक उपाय सुचवला. त्या चारही ठिकाणी पुन्हा एकदा जावे, मधल्या सुट्टीत नव्हे, ऐन कामाच्या वेळी, आणि अर्धा तास मागे उभे राहावे. फलक वाचू नयेत, मुलांचे हात पाहावेत. माँटेसोरींचे नाव लावलेल्या बालवाडीत साधने काचेच्या कपाटात कुलूपबंद होती, असे ते परत येऊन म्हणाले. आकडे लिहिणाऱ्या ठिकाणी मुले गप्प होती. घरचा अभ्यास देणाऱ्या तिसरीत आत येऊ दिले नाही.

मुलगी आता ‘नुसते खेळवतात’ त्या बालवाडीत जाते. तेथील बाईंनी आईला पंधरा दिवसांतून एकदा भेटावयास बोलावले आहे. काल संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा ती परातीसमोर मांडी घालून बसली होती आणि आजीला मटार सोलू लागत होती. शेंग दोन बोटांत धरून अंगठ्याने दाबी, दाणे एकेक करून वाटीत टाकी. दोन दाणे खाली घरंगळले, ते शोधावयास ती पलंगाखाली गेली. वडील वहीत काहीतरी लिहीत होते. तो घरखर्चाचा हिशेब होता.